एक तीळ, चार वाटाणे

तीळ पाठीवर होता, म्हणून हे सगळं झालं. हातावर किंवा पोटावर असता, तर त्याचा त्यानेच बघितला असता, त्याचं त्यानेच औषध लावलं असतं आणि घरातल्या कुणालाही आपली अक्कल पाजळायची संधी मिळाली नसती. पण पाठ ही माणसाची असून माणसाच्या ताब्यात नसते. ती दुसऱ्यांनी बघायची, दुसऱ्यांनी खाजवायची, आणि वेळ आली की दुसऱ्यांनीच तिच्यावर हात साफ करून घ्यायचा.

ही पाठ ज्याची होती, त्याला सगळे ‘चौकशी’ म्हणत. बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीमागे तो इतकी वर्षं बसला होता की वरची पाटी त्याच्याच नावाची आहे, असं लोकांनी धरून टाकलं होतं. ‘चौकशी आला का?’ ‘चौकशी जेवायला गेलाय.’ यात व्याकरणाचा मुडदा पडत होता, पण डेपोत कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. दिवसभर लोक खिडकीत तोंड घालून विचारायचे, बस कधी येणार. तो सांगायचा, येईलच एवढ्यात. ‘एवढ्यात’ म्हणजे केवढ्यात, हे त्याला ठाऊक नव्हतं, डेपो मॅनेजरला ठाऊक नव्हतं, आणि बस चालवणाऱ्याला तर अजिबातच नव्हतं. तरी लोक ते उत्तर घेऊन बाकावर जाऊन बसत आणि थोड्या वेळाने तोच प्रश्न घेऊन परत येत.

असे प्रश्न ऐकून ऐकून त्याला प्रश्न या जातीचीच शिसारी आली होती. घरी तो कुणाला काही विचारत नसे. भाजी अळणी असली तर अळणी खायचा. सदऱ्याचं बटण तुटलेलं असलं तर तसाच घालून जायचा. विचारलं की उत्तर येतं, उत्तर आलं की त्यावर बोलावं लागतं, आणि बोलायचं त्याचं दिवसभरात संपलेलं असायचं.

तीळ वाढलाय हे बायकोने पाहिलं. आधी तिळाएवढाच होता, आता त्याच्या कडा फाटल्यासारख्या झाल्या होत्या. ती मागे लागली, म्हणून तो एकदा एकटाच दवाखान्यात जाऊन आला. डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, काढून तपासायला पाठवू. तपासायला म्हणजे कशासाठी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने विचारलं नाही. घरी येऊन सांगितलं, “कपड्याला घासतो, म्हणून काढणार आहेत.” बायको बरं म्हणाली आणि त्या दिवसापासून तिने टोमणे मारायचं बंद केलं. ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी मुकाट्याने उचलू लागली. त्यावरून त्याने ओळखलं की हिला सगळं कळलंय, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली.

पुढचं घोडं रजेवर अडलं. मॅनेजरने आधी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. तुम्ही गेलात तर खिडकीवर बसायचं कुणी, म्हणाला. जणू काही त्या खिडकीतून आजवर कुणाला खरी माहिती मिळत होती. शेवटी एक दिवस दिला, तोही असा की स्वतःची किडनी काढून देतोय. “एकच दिवस. पुन्हा माझ्याकडे यायचं नाही.”

दवाखान्यातल्या सिस्टरने जेलची ट्यूब हातात ठेवली. तीळ काढायच्या आधी तिथे सुई टोचतात, ती टोचलेली कळू नये म्हणून हे घरूनच लावून यायचं. “वाटाण्याएवढं लावायचं. फक्त तिळावर. चोळायचं नाही, वर प्लास्टिकचा तुकडा चिकटवायचा. जास्त लावायचं नाही. काही विचारायचंय?”

‘काही विचारायचंय’ हे तिने कुठल्या सुरात म्हटलं, ते त्याच्याइतकं कुणाला कळणार. तो सूर त्याचा स्वतःचा होता. त्याचा अर्थ असतो, विचारलंस तर बघ. तो म्हणाला, “नाही.”

आता या बाईचा काय दोष काढायचा. पहाटेपासून उभी होती, तिच्यामागे रांग होती. पण एक आहे. जे औषध चुकलं तर माणूस आडवा होतो, त्याचं माप भाजीवाल्याच्या टोपलीतून काढून देतात आणि वर म्हणतात, लोक ऐकत नाहीत. लोक ऐकतात. फार बारकाईने ऐकतात. तीच तर पंचाईत आहे.

रजेच्या दिवशी सकाळी बायकोने डबा उघडून एक सुका वाटाणा काढला, ओट्यावर ठेवला, आणि त्याच्या शेजारी जेलचा ठिपका काढून दोन्ही एकमेकांशी ताडून बघितले. मग तो ठिपका बोटाने उचलून नेमका तिळावर ठेवला. वर प्लास्टिकचा चौकोन चिकटवला. “हलू नका फार,” म्हणाली. ती बालवाडीत शिकवायची. पोरांना दुसऱ्या बाईंच्या हवाली करून ती परस्पर दवाखान्यात येणार होती. जाताना दारात थांबली, काहीतरी बोलणार होती, आणि चपला घालून निघून गेली.

इथवर सगळं ठीक होतं. गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण औषध गुणी निघालं. थोड्या वेळाने चौकशीने खांद्यावरून हात मागे नेऊन दाबून पाहिलं, तर तिथे काही लागेना. तो स्वतःशीच पुटपुटला, “काही लावल्यासारखं वाटतच नाही.”

बधिर करायचं औषध लावल्यावर काही वाटत नाही, म्हणजे ते लागलंय, एवढी साधी गोष्ट. पण घाबरलेल्या माणसाला साधी गोष्ट सुचत नाही. आणि त्याची आई स्वयंपाकघरातून ऐकत होती.

“केवढं लावलं तिने?”

“वाटाण्याएवढं.”

“कुठला वाटाणा?”

त्याने ओट्याकडे बोट दाखवलं. आईने तो सुका वाटाणा चिमटीत धरला आणि सुनेची बाजू कायमची खोटी पडल्यासारखी हसली. “अरे, सुका वाटाणा कोण वाटाणा म्हणतं? त्याने दात पडतात. वाटाणा म्हणजे भिजलेला. टचटचीत फुगलेला. हिचा हात पहिल्यापासून आखडता. तुपातसुद्धा चमचा दाखवून काढते.”

“आई, जास्त नको म्हणाल्यात.”

“जास्त कुठे? आहे ते पुरं करते.”

वाद घालण्यापेक्षा पाठ दिलेली परवडली. त्याने सदरा वर केला. आईची एक खोड होती. कुठलीही वस्तू जिभेला लावून बघितल्याशिवाय ती वापरत नसे. तिने ट्यूबमधून भिजलेला वाटाणा काढला, त्यातला जरा जिभेवर घेतला आणि म्हणाली, “कडू आहे. म्हणजे चांगलं आहे.” मग बायकोचा चौकोन सोलून काढला, उरलेलं तिळावर थापलं आणि चौकोन परत दाबला. तो आता नीट बसेना, म्हणून वर तळहाताने चोळलं.

नंतर ती चहा प्यायला बसली आणि कप खाली ठेवून गप्प झाली. मग म्हणाली, “अले, माझी दीभ कुथे गेली?”

पुढची काही मिनिटं घरात हाहाकार होता. आईला लकवा मारल्याची खात्री झाली. तिने हात वर करून पाहिले, डोळे मिटून उघडून पाहिले, आणि दागिने कुणाला द्यायचे हे बोबड्या आवाजात सांगायला सुरुवात केली. सुनेचं नाव त्यात नव्हतं. चौकशी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसला आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, “आई, तू ते औषध चाटलंस.”

आईने विचार केला. “मग औषध खलं आहे,” ती म्हणाली. दागिन्यांचा विषय तिथेच थांबला.

एवढ्यात मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. घरं रंगवायची कामं घ्यायचा. दवाखान्यात न्यायला स्वतःची गाडी घेऊन आला होता आणि गाडीच्या आधी त्याचा टर्पेंटाइनचा वास घरात शिरला. मनाचा चांगला, पण कुठल्याही पृष्ठभागाकडे बघून त्याचे हात शिवशिवायचे. आईने त्याला झालेला प्रकार बोबड्यातून सांगितला. त्याने भावोजींची पाठ उजेडाकडे फिरवली, एक डोळा मिटून पाहिलं आणि तो चुकचुकला.

“भावोजी, याला लावणं म्हणतात? एवढ्या मोठ्या भिंतीवर एक ठिपका. एक हात मारून काम कधी धरतं का? पहिला हात भिंतच पिते. दुसरा हात मारला की मग दिसायला लागतो.”

“वाटाण्याएवढंच लावायचं असं सांगितलंय.”

“मग वाटाण्याएवढंच घेतो की. पण वाटाणा शिजवल्याशिवाय खातो का माणूस? शिजला की केवढा होतो. आणि फुटला की पसरतो. तसं पसरून लावायचं.”

“जास्त नको म्हणाल्यात.”

“हे जास्त नाही, हे पसरून आहे.”

चौकशीने त्याच्याकडे पाहिलं. या वाक्यात काहीतरी चूक आहे, हे त्याला कळत होतं. ती शोधून दाखवायला जी ताकद लागते ती त्याच्यात नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर त्याला आतून वाटत होतं की लावू दे. सगळी पाठ बधिर होऊ दे, पाठीवरचं डोकं बधिर होऊ दे, ते ‘तपासायला पाठवू’ बधिर होऊ दे. सुईची भीती त्याला फारशी नव्हतीच. सुईनंतर जे कळणार होतं त्याची होती, आणि त्यावर लावायचं औषध दवाखान्यात मिळत नव्हतं.

मेव्हण्याने मन लावून काम केलं. मानेपासून कंबरेपर्यंत, वरून खाली एक हात, मग आडवा दुसरा हात. कडा सोडल्या नाहीत, कारण कडा सोडल्या की डाग दिसतो. ट्यूब तळापासून गुंडाळत आणली. मग म्हणाला, आता हे कोंडलं पाहिजे, कोंडलं की मुरतं. गाडीतून फरशीवर अंथरायचं प्लास्टिक आणून त्याने भावोजींना काखेपासून कंबरेपर्यंत वेढे दिले आणि रंगाऱ्याची चिकटपट्टी मारली. वर सदरा चढवला. चौकशी श्वास घेई तसं आतलं प्लास्टिक कुरकुरत होतं. ट्यूब शेपटीपर्यंत चपटी झाली होती, ती चौकशीने आपल्या खिशात ठेवली.

एक तीळ सात जणांनी वाटून खावा म्हणतात. इथे अजून चारही झाले नव्हते, पण तिघांनी त्याच्यावर हात धुऊन घेतले होते.

गाडीत उकडत होतं. मेव्हणा सारखा तळहात चड्डीला पुसत होता, हाताला स्टिअरिंग लागत नाही म्हणत होता. आई जिभेची चौकशी करायला सोबत आली होती. दवाखान्यात पोचले तर कळलं की डॉक्टरबाई दुसऱ्या एका ऑपरेशनमध्ये अडकल्या आहेत. चौकशीने आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी खिडकीत तोंड घातलं आणि विचारलं, केव्हा येतील.

आतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, “येतीलच एवढ्यात.”

चौकशी गपचूप बाकावर येऊन बसला. प्लास्टिक कुरकुरलं. समोरच्या बाकावरच्या बाईने आपल्या पिशवीत पाहिलं. वेळ जाऊ लागला तसा त्याला नवाच घोर लागला, की औषध उतरत तर नसेल? सकाळचं लावलेलं. बस लवकर भरली आणि वेळेवर सुटली नाही की उतारू कसे उतरून जातात, ते त्याने रोज पाहिलं होतं. विचारावं का? पण खिडकीतलं उत्तर त्याला पाठ होतं. तो उठून मोरीत गेला, दार लावलं, ट्यूबची शेपटी पिरगाळली आणि कॉलरमधून हात खाली घालून जेवढं येईल तेवढं प्लास्टिकच्या आत सोडलं. चौथा वाटाणा. हा कच्चा, हिरवा की वाळलेला, ते बघायला तिथे उजेडही नव्हता.

परत येऊन बसल्यावर थोड्या वेळाने त्याच्या ओठांना मुंग्या आल्या. मग कानात शिट्टी वाजू लागली, डेपोत गाडी सुटताना वाजते तशी. मग जीभ जड झाली. तो आईला म्हणाला, “जीभ जड झालीय माझी.”

“माझीही झाली होती,” आई म्हणाली. तिची आता सुटली होती आणि ती गेलेला वेळ भरून काढत होती. “होतं तसं. आपोआप जातं. पोराला आईचंच वळण लागायचं.”

“भीती आहे ती, भावोजी,” मेव्हणा म्हणाला. “मला पहिल्यांदा शिडीवर चढताना असंच झालं होतं.”

त्याने मनाशी हिशेब केला. आईला झालं आणि गेलं, म्हणजे आपलंही जाईल. समोरची भिंत हळूहळू एका बाजूला कलत होती. मेव्हण्याला सांगावं का, त्याच्या कामाची गोष्ट आहे, असं त्याच्या मनात आलं.

बायको जिना चढून आली ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने पिशवी खाली टाकली. “अहो, तुमच्या ओठांचा रंग असा का झालाय?” तो काहीतरी बोलला. ते शब्द नव्हते. तिने मागचा पुढचा विचार न करता त्याच्या दंडाला धरून त्याला आतल्या खोलीत नेलं. सिस्टर म्हणाली, बाई, नंबर आल्याशिवाय नाही. त्यावर बायको काय बोलली ते बालवाडीत बोलतात तसलं नव्हतं. डॉक्टरबाई हातमोजे काढत बाहेर येत होत्या, त्या तिथेच थांबल्या.

त्यांनी सदरा वर केला. 

“हे काय आहे?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पार्सल कुठे पाठवायचंय याचं?”

 त्यांनी कात्रीने प्लास्टिक उभं कापलं. आत पाठ भिजून चकाकत होती.

“किती लावलंत?”

“वाटाण्याएवढं,” बायको म्हणाली.

डॉक्टरबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात आई आणि मेव्हणा उभे होते. आई म्हणाली, “मीही वाटाण्याएवढंच लावलं. भिजलेल्या.” बायकोने सासूकडे वळून पाहिलं. मेव्हणा खाली बघून म्हणाला, “मी जरा पसरून.” बायको भावाकडे वळली. शेवटी चौकशीने स्वतः एक बोट वर केलं आणि आपल्या छातीकडे दाखवलं. बायकोला आता वळायला दिशा उरली नाही.

“जीभ जड झालीय म्हणतोय,” आई घाईने म्हणाली, “पण ते काही नाही. माझीही झाली होती.”

“तुम्ही हे जिभेला लावलं होतं?”

“चाखलं होतं जरासं.”

डॉक्टरबाई चौकशीकडे वळल्या. “आणि तुम्ही? तुम्ही चाखलं?”

त्याने मान हलवली. नाही.

त्यानंतर डॉक्टरबाईंचा आवाज उतरला, आणि तो उतरला तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा भीती वाटली. चाखलं नाही आणि तरी जीभ बधिर, म्हणजे ते बाहेरून नाही, आतून आलंय. त्यांनी त्याला पलंगावर कुशीवर निजवलं. सिस्टरने पाठ पुसायला घेतली, पुन्हा पुन्हा पुसली. बोटाला चिमटा लागला, छातीला वायरी लागल्या, नाकाला नळी लागली, हाताला सुई लागली. ज्या सुईसाठी एवढं रामायण झालं, तिच्यापेक्षा जाड सुई त्याच्या हातात गेली, आणि हाताला वाटाणा कुणी लावलेला नव्हता.

हात चालवता चालवता डॉक्टरबाई घरच्यांना जे बोलल्या त्यात एक शब्द गोड नव्हता. कातडी म्हणजे भिंत नव्हे, भिंत पिऊन गप्प बसते. कातडी पिते ते रक्तात सोडते, आणि रक्त ते मेंदूत आणि काळजात घेऊन जातं. थोडं लावलं, थोड्या जागेवर, थोडा वेळ, तर ते तिथेच राहतं. पाठभर फासलं, वर कोंडलं, घामात उकडवलं, तर जे तिळाला बधिर करायचं ते काळजालाच बधिर करतं. माणसं दगावलीत याने. अजून उशीर केला असता तर तीळ तपासायची गरजच उरली नसती.

मेव्हण्याने हात मागे बांधले. आई खुर्चीवर बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला कुणाला काही सांगावंसं वाटलं नाही.

वायरींच्या यंत्राची टिकटिक आधी घाईत होती, मग हळूहळू तिला धीर आला. कानातली शिट्टी लांब गेली. बायको पलंगापाशी स्टुलावर बसली होती. तिने त्याचा हात धरला होता आणि तो त्याला नीट लागत होता. जीभ जरा हलायला लागल्यावर चौकशीने डॉक्टरबाईंना खुणेने जवळ बोलावलं आणि इतके दिवस गिळलेला प्रश्न बाहेर काढला.

“तो तीळ... वाईट आहे का?”

“काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग थांबल्या आणि म्हणाल्या, “मला तसा वाटत नाही. पण मला वाटून उपयोग नाही, म्हणून तर तपासायचा.”

“म्हणजे कपड्याला घासत नव्हता,” बायको म्हणाली.

“नाही.”

“मला माहीत होतं.”

“मलाही माहीत होतं, तुला माहीत आहे ते.”

“मग बोलायला काय झालं होतं तुम्हाला? जीभ तर आज जड झालीय.” आणि तिथेच तिने त्याला ओल्या टॉवेलपासून सुरुवात करून, इतक्या दिवसांचे साठवलेले सगळे टोमणे एका दमात ऐकवले. यंत्राची टिकटिक त्या वेळी अगदी संथ चालली होती. सिस्टरने येऊन आकडा पाहिला आणि त्या बाईला बोलू दिलं.

तीळ त्या दिवशी निघाला नाही. अंगातलं उतरू दे, मग बघू, डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे रजा परत. बायकोने डेपोत फोन लावला. मॅनेजर म्हणाला, आम्ही एकच दिवस दिला होता, खिडकीवर लोक ओरडतायत, चौकशी परत येणार कधी? बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, नाकातल्या नळीकडे पाहिलं, आणि फोनमध्ये शांतपणे म्हणाली, “येतीलच एवढ्यात.” आणि फोन ठेवून दिला.

पुढे तीळ निघाला तो जेल न लावता. डॉक्टरबाईंनी या घराला ट्यूब द्यायला साफ नकार दिला. सुई कोरडीच टोचली. चौकशी कळवळला, पलंगाची कड आवळून धरली, आणि कळ आली तेव्हा त्याला कुठेतरी बरंही वाटलं. पाठ आपलीच आहे, आणि अजून आहे, हे तरी कळलं. काढलेला तीळ तपासायला गेला. ते दिवस घरात कुणी वाटाणा या शब्दाचा उच्चारही केला नाही. आईने डबा वरच्या फळीवर मागे सारून ठेवला.

टाके काढायच्या दिवशी चौघेही गेले. डॉक्टरबाईंनी आत बोलावून सांगितलं, साधा तीळ होता. काही नाही. वाढला होता, एवढंच. बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आईने देवाला नाही, मेव्हण्यालाच हात जोडले, कारण तो सर्वांत जवळ होता.  चौकशी इतक्या जोरात श्वास सोडून बसला की पाठ ताणली आणि सिस्टर ओरडली, अहो, टाके काढतेय मी.

टाके निघाले. सिस्टरने औषधांच्या खिडकीवर येऊन एक छोटी ट्यूब त्याच्या हातावर ठेवली. मागे रांग होती. “हे जखमेवर लावायचं, सुकेपर्यंत. बधिर करायचं नाही, साधं मलम आहे. वाटाण्याएवढं लावायचं. काही विचारायचंय?”

चौकशीने ट्यूबकडे पाहिलं. मग दारातल्या आईकडे, मेव्हण्याकडे आणि बायकोकडे पाहिलं. तिघांचे हात मागे होते.

“हो,” तो म्हणाला. “कुठला वाटाणा? सुका, भिजलेला की शिजलेला?”

सिस्टरने आपल्या बोटाच्या पेराकडे पाहिलं. रांगेतले लोक पुढे सरकले. “शिजलेला,” ती म्हणाली, पण तिचा आवाज पुरेसा ठाम नव्हता. शेजारच्या टेबलावर पट्ट्या कापणाऱ्या दुसऱ्या सिस्टरने मान वर केली. “शिजलेला कसा? मी तर सगळ्यांना सुका धरूनच सांगते.” “सुका म्हणजे फारच कमी होतो गं.” “मग शिजलेल्याचं साल काढून की सालासकट?” कंपाउंडर औषधांच्या कपाटामागून म्हणाला की त्याच्या समजुतीप्रमाणे वाटाणा म्हणजे शेंगेतला, ताजा. आवाज ऐकून डॉक्टरबाई बाहेर आल्या. काय चाललंय विचारलं, ऐकून घेतलं, काहीतरी ठासून सांगायला बोट वर केलं, आणि ते बोट तसंच हवेत राहिलं.

चौकशीने सावकाश सदऱ्याची बटणं लावली आणि खिडकीला कोपर टेकून उभा राहिला. त्याला घाई नव्हती. रांग मागून ढकलत होती, तरी तो जागचा हलला नाही.